वहिनीचे थांबे

वहिनी गेल्याची बातमी मला राजापुरात एका एस.टी. कंडक्टरनं दिली. मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत काजूच्या कारखान्यात नोकरी करतो आणि बी बघायला अधूनमधून राजापूरला जातो. त्या दिवशी बाजारपेठेतल्या एका वखारीत पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची बी वर काढत होतो. खाकी कपड्यातला एक अनोळखी माणूस दारात येऊन उभा राहिला. त्यानं माझं नाव विचारलं. वाडीतल्या कुणीतरी रत्नागिरीच्या स्टँडवर त्याच्याकडे निरोप दिला होता आणि तो बिचारा बाजारातली दुकानं पालथी घालत माझ्यापर्यंत पोचला होता. "तुमच्या घरी वहिनी आहेत ना..." एवढं म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "परतीची गाडी थांबवून ठेवलीय. चला." गाडीतली माणसं माझ्यासाठी खोळंबली होती, पण कुणी कुरकुरलं नाही. एका म्हातारीनं आपलं गाठोडं मांडीवर घेऊन मला खिडकीकडची जागा दिली आणि रत्नागिरी येईपर्यंत एक शब्द विचारला नाही. वहिनी तिच्या जागी असती तर लांजा यायच्या आत शेजारच्या माणसाचं सगळं घराणं तिला कळलं असतं... हे मनात आलं आणि त्या गाडीत, तशा वेळी, मला हसू आलं.

त्याला आता दीड महिना होईल. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि वहिनीबद्दल लिहावं असं मनानं घेतलं. लिहायला बसलो तर एक गोष्ट सगळ्यात आधी सांगून टाकली पाहिजे. तिच्या हृदयाचं दुखणं किती पुढं गेलंय हे कळायला जो उशीर झाला, तो माझ्यामुळे झाला. यात लपवण्यासारखं काही नाही. वाडीला ठाऊक आहे, डॉक्टरांना ठाऊक आहे, वहिनीला तर होतंच. मीच एकटा ते पुन्हा पुन्हा बोलून दाखवत असतो. बायको म्हणते, तुम्हाला त्याची सवय लागली आहे. असेल.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आमची आई आदल्याच पावसाळ्यात गेली होती. दादा मुंबईला गोदीत. गणपतीला यायचा आणि मे महिन्यात यायचा. तेव्हा मला वाढवलं ते वहिनीनं, आणि ती स्वतः तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. पण रीत ती रीत. दिराला अहो-जाहो करायचं म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून 'भावजी, तुम्ही' म्हणाली. पदरानं माझं नाक धरायची आणि म्हणायची, "भावजी, शिंकरा जोरात." मी मात्र तिला 'तू'च म्हणत आलो. दादा-वहिनींना मूल झालं नाही. तिचं काय ते मूल मी, आणि पुढं माझी मुलं.

आमची वाडी भाट्याच्या पलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या डोंगरावर आहे. विहीर अगदी खाली, आमचं घर जवळजवळ माथ्यावर, आणि मधे पाखाडी, म्हणजे जांभ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. दोन्ही अंगांना घरं, घरांपुढे दगडांचे गडगे. पाणी भरणारी बाई दिवसातून कितीदा ती पाखाडी चढते हे आमच्याकडच्या कुठल्या पुरुषानं कधी मोजलेलं नाही. मीही नाही. वहिनी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढायची, आणि एकेका घराच्या गडग्यापाशी थांबायची. "काय गो अनशीकाकी, सुनेचं माहेरपण संपलं की नाय?" "बंड्याला मुंबईत खोली गावली?" असं काहीतरी विचारायची आणि हंडा तसाच डोक्यावर ठेवून ऐकत राहायची. अनशीकाकी, म्हणजे पाखाडीच्या मध्यावरची अनसूयाकाकी, ही तर एकदा सुरू झाली की सुनेपासून सुनेच्या आत्येपर्यंत जायची. वाडीत सगळे म्हणत, सुमित्रावैनीसारखी मायाळू बाई नाही, प्रत्येकाची चौकशी करते. मी तिची थट्टा करायचो. एकदा म्हटलं, "वहिनी, एस.टी.नं पण विहीर ते घर एवढे थांबे दिले नसते." ती म्हणाली, "एस.टी. थांबली नाय तर माणसं चढतील कशी, भावजी?" आणि हसली. थोडं हसली. आता आठवतं की ती तेव्हा हसायची तेही थोडंच.

ऐंशीच्या सुमाराला तिला खोकला लागला, तो महिनाभर जाईना. स्टँडजवळ एक डॉक्टर नुकते येऊन राहिले होते. मूळचे कोल्हापूरकडचे, अंगानं स्थूल, बोलायला मोकळे. मी वहिनीला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि खूप वेळ काढलीच नाही. डाव्या कुशीवर वळायला सांगून पुन्हा ऐकलं. मग विचारलं, "लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता काय?" वहिनीला आठवत होतं. माहेरी असताना आला होता, गुडघा उतरला की मनगट सुजायचं, कितीतरी दिवस अंथरुणात होती. डॉक्टर म्हणाले, "त्या तापानं हृदयाची एक झडप खराब केलीय. ती नीट मिटत नाही. दर ठोक्याला पुढं जायचं रक्त थोडं मागं फिरतं." मी घाबरून विचारलं, किती मागं फिरतं? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, "नळीतनं आवाज मोठा येतोय, पण आवाज मोठा म्हणजे गळती मोठी असं धरून चालायचं नसतं. हृदय किती फुगलंय ते बघायचं, ठोका आपल्या जागेवरनं किती बाजूला सरकलाय ते बघायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणसाला रोजचं काम झेपतंय का ते." त्यांनी बोटं टेकवून ठोका कुठं लागतो ते पाहिलं. छातीचा एक्स-रे फोटो काढवला. हृदय किंचित मोठं होतं, फार नाही.

मग त्यांनी वहिनीला विचारलं, "चढताना दम लागतो?"

उत्तर मी दिलं. डॉक्टरांपुढे, कचेरीत, दुकानात, घरातल्या बायकांच्या वतीनं बोलायचं ही माझी खोड आहे. आमच्याकडे ती बहुतेक पुरुषांना असते आणि त्याला जबाबदारी म्हणतात. मी म्हटलं, "छे हो डॉक्टर. दिवसभर पाखाडी चढते. वाटेत थांबते ती गप्पा मारायला." वहिनी मान खाली घालून हसली. डॉक्टरही हसले. म्हणाले, मग आत्ता घाई नाही, पण दर सहा महिन्यांनी आणून दाखवायचं, हे दुखणं आवाज न करता वाढतं. मी हो म्हटलं आणि पुढं दोन वर्षं तिला घेऊन गेलो नाही. खोकला गेला होता, पाणी भरलं जात होतं, भाकऱ्या भाजल्या जात होत्या. मला वाटलं, घरातलं काम चालू आहे म्हणजे माणूस बरं आहे.

दोन वर्षांनी डॉक्टर वाडीत आले ते अनशीकाकीच्या नवऱ्याला बघायला. ते खालून पाखाडी चढायला लागले तेव्हा त्यांच्या पुढं वहिनी हंडा घेऊन चढत होती. तिला ते मागं आहेत हे माहीत नव्हतं. काकांना तपासून झाल्यावर डॉक्टर खाली न जाता वर आमच्या घरी आले. रविवार होता, मी घरीच होतो. ओटीवर बसून त्यांनी आधी स्वतःचा दम आवरला, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "तुमच्या वहिनी बोलक्या आहेत म्हणाला होता ना तुम्ही?"

"हो. सगळ्या वाडीला ठाऊक आहे."

"मी खालपासून काकांच्या घरापर्यंत त्यांच्या मागनं आलो. त्या एक प्रश्न विचारतात आणि गप्प उभ्या राहतात. बोलतात ती समोरची माणसं. आणि एक घर त्यांनी सोडलं. खालनं तिसरं. तिथं एक गृहस्थ ओट्यावर बसले होते, तरी त्यांना काही विचारलं नाही."

"ते आमचे मास्तर," मी म्हटलं. "त्यांना काही विचारलं तर ते 'बरं आहे' एवढंच म्हणतात. एका शब्दात उत्तर..."

आणि मी काय बोलतोय ते माझं मलाच ऐकू आलं. वहिनी लांब उत्तरांची घरं निवडत होती. आम्ही सगळ्यांनी, एवढ्या मोठ्या वाडीनं, एका धापा टाकणाऱ्या बाईला कित्येक वर्षं मायाळू म्हणून नावाजलं होतं.

डॉक्टरांनी वहिनीला बाहेर बोलावलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला, म्हणजे गप्प बसा. या वेळी त्यांनी दम लागतो का असं विचारलंच नाही. विचारलं, "लग्न होऊन आलात तेव्हा विहिरीपासून घरापर्यंत कितीदा थांबायचात?" वहिनी विचार करायला लागली. "तवा... एकदाबी नाय." "मग पहिल्यांदा कुठं थांबायला लागलात?" "अनशीकाकीकडं." "मग?" मग ती एकेक घराचं नाव घेत गेली. वरचं एक, खालचं एक, पुन्हा मधलं. एकेका सालात एकेक गडगा वाढला होता आणि तो क्रम तिला असा पाठ होता की जसं काही कुणी कधी विचारतंय याचीच ती वाट बघत होती. डॉक्टरांनी विचारलं, "रात्री सपाट निजलं तर दम कोंडतो? उशा किती घेता?" ती माझ्याकडे बघून ओशाळली. "दोन. भावजींची जुनी फाटली होती ती पण घेते." ती उशी कुठं गेली म्हणून मी बायकोवर ओरडलो होतो.

"हे मागं का सांगितलं नाहीत?" डॉक्टरांचा आवाज कठोर नव्हता.

"काय सांगू डॉक्टर? मला कुटं ठाऊक हा दम हाय म्हणून. पाय थांबायचे. मंग थांबलं तर माणसाला कायतरी इचारायला नको? गप उभी ऱ्हायले तर लोक म्हणतील, हिचं काय झालं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी जुना आणि नवा फोटो खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरले. मला त्यातलं कळत नाही, पण पांढरी सावली रुंदावली आहे हे कुणालाही दिसलं असतं. ठोकाही काखेच्या बाजूला सरकला होता. डॉक्टर समजावून सांगू लागले. ज्याला गळती आहे पण त्रास काही नाही आणि हृदय फुगलेलं नाही, असा माणूस नजरेखाली ठेवला तर बरीच वर्षं बरा राहू शकतो. पण दम कमी पडायला लागला आणि हृदय रुंदावायला लागलं की ती वाट निराळी, मग ऑपरेशन करून झडप बदलावी लागते. आणि यातली फसगत अशी की अशा हृदयाचे ठोके जोरदार दिसतात. रक्ताला मागं जायला सोपी वाट मिळालेली असते, त्यामुळे हृदयाला जोर कमी लागतो. बघणाऱ्याला वाटतं, काय मजबूत चाललंय. तो जोर उतरलेला दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

वहिनी लक्ष देऊन ऐकत होती. मधेच म्हणाली, "म्हंजे आमच्या म्हायेरच्या उघाडीसारखं." डॉक्टरांना काही कळलं नाही. देशावरच्या माणसाला कळणार कसं? तिचं माहेर खाडीकाठचं, खाजणातली भातशेती. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात आणि त्या बांधात लाकडाची झडप बसवतात, ती उघाडी. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरती आली की ती आपोआप मिटते. तिच्या वडिलांच्या बांधाची उघाडी एकदा नीट मिटेनाशी झाली. दर भरतीला थोडं थोडं खारं आत यायचं. वहिनी सांगत होती, "पयल्या साली भात बरा आला. दुसऱ्या साली बरा आला. बाबा म्हणाले, चाललंय तर कशाला हात लावा. मंग एका साली सगळं पिवळं पडलं. तवा नवी उघाडी घातली. पण मिठानं धरलेली जमीन, ती कुटं लगेच सुटते?" पुढं डॉक्टर गळकी झडप असलेल्या खाडीकाठच्या रोग्यांना हेच सांगायला लागले आणि सांगताना दर वेळी कबूल करायचे की हे मला एका पेशंटबाईनं शिकवलं.

दादा मुंबईहून धावत आला. आल्या आल्या त्यानं डॉक्टरांना एकच विचारलं, जे कुणीही विचारील. "किती वर्षं?"

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन न करता किती, ते मी सांगू शकत नाही. करून किती, तेही नाही. जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण आज केलं तर आणि दोन वर्षांनी केलं तर, यात फरक आहे, एवढं मी खात्रीनं सांगतो. आज हृदयात ताकद आहे. आज झडप बदलली तर ते सावरेल."

दादा भित्रा नव्हता, पण छाती फाडायची म्हटल्यावर त्याचं अवसान गेलं. रात्रभर त्याचं चाललं होतं... हिला उठबस करता येतेय, जेवतेय, हिंडतेय, धडधाकट बाईला टेबलावर कशाला निजवायचं? गणपती होऊ देत, मग बघू. मी गप्प होतो. एकदा चुकीचं बोललेला माणूस दुसऱ्यांदा बोलायला कचरतो, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच मी बोलायला हवं होतं. बोलली ती वहिनी. भाकरी थापता थापता, मान वर न करता म्हणाली, "गणपती होऊ देत, मंग शिमगा होऊ देत. आवो, उघाडी भात मेल्यावर बदलतात काय?" दोन दिवसांनी तिला घेऊन दादा मुंबईला गेला, आणि मी त्यांच्याबरोबर.

मुंबईतल्या त्या मोठ्या सरकारी इस्पितळात तेव्हा आवाजाच्या लहरींनी हृदय बघायचं यंत्र नवीन आलं होतं. कागदाच्या पट्टीवर लाटांसारख्या रेघा उमटत होत्या. तिथल्या डॉक्टरांनी त्या रेघा पट्टीनं मोजल्या, हृदयाचा कप्पा भरताना किती आणि आकसताना किती ते पाहिलं. पुढं बारीक नळी घालून तपासणी झाली. मग सांगितलं की गळती जोराची आहे, हृदय अजून हिंमत धरून आहे, आता वेळ काढू नका. ऑपरेशन झालं. धातूची झडप बसवली. वहिनी शुद्धीवर आली आणि तिनं नर्सला पहिला प्रश्न विचारला, तो असा, "तुमचं गाव कंचं गो?" नर्स चिपळूणची निघाली.

सगळं नीट पार पडलं, तरी बाहेरच्या बाकावर मोठ्या सर्जननी मला एक गोष्ट सांगितली. हृदय थोडं थकायला लागलेलं होतं, म्हणाले. ते पूर्वीसारखं लहान होईल असं नाही. थोडं आधी आणलं असतं तर... आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. मी ते उचललं ते आजवर सोडलेलं नाही. दोन दिवसांनी वहिनीच्या खाटेशी बसून मी हात जोडले. म्हटलं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी मधे तोंड घातलं नसतं तर हे आधीच कळलं असतं. छताकडे बघत ती म्हणाली, "भावजी, डॉक्टर मला इचारत होते. तुमी बोललात, तर मला काय तोंड नव्हतं? मी पण गप ऱ्हायले. मला वाटलं, भावजी सांगतात तर तसंच आसंल." मी पुन्हा काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "आता त्याचं भजन नको. पाणी कोण भरणार घरचं, ते सांगा."

पाणी मी भरायला लागलो. खांद्यावर कावड, दोन बाजूंना दोन डबे. सुरुवातीला वाडीतले बाप्ये गडग्यावरून बघून खोकायचे. मास्तरांनी तर एका शब्दापेक्षा जास्त बोलून दाखवलं. म्हणाले, "बायकोनं टाकलं काय?"

वहिनी महिन्याभरानं घरी आली आणि पुढं चारेक महिन्यांत पाखाडी चढू लागली. आणि मग जी गंमत झाली ती आठवली की मला अजून बरं वाटतं. ती खालून निघाली की थेट वर. कुठं थांबणं नाही, कुणाला विचारणं नाही. तिला वर्षानुवर्षांनी श्वास पुरत होता आणि ती शाळेतून सुटलेल्या पोरीसारखी चढत होती. आठवड्याभरात वाडीत कुजबुज सुरू झाली. सुमित्रावैनी बदलली. मुंबईचं पाणी लागलं. अनशीकाकीनं तर माझ्या बायकोला तोंडावर सांगितलं, "नवीन काळीज घालून आली तुजी जाव, पण त्यात माया घालायची ऱ्हायली वाटतं." बायकोनं ते वहिनीच्या कानावर घातलं. वहिनीला हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी ती काकीच्या गडग्यापाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, मी थांबत होते ती दम लागायचा म्हणून गो. तू जे सांगायचीस त्यातलं निम्मं मला ऐकू पण येत नव्हतं, कानात नुसते ठोके." काकीचा चेहरा पडला. सगळ्या जन्माची गाऱ्हाणी तिनं या बाईला सांगितली होती. तिचा पडलेला चेहरा वहिनीला बघवेना. तिनं हातातली कळशी खाली ठेवली, काकीच्या ओट्यावर चढून बसली आणि म्हणाली, "आता सांग. पयल्यापासनं सांग. आता येतं ऐकायला."

तेव्हापासून ती पुन्हा थांबायला लागली. फरक एवढाच की आता तीही बोलायची, आणि काय बोलायची... थोड्याच दिवसांत वाडीतल्या बायका म्हणायला लागल्या की वैनी आजारी होती तेव्हा बरी होती, आपल्याला बोलू तरी द्यायची.

अशी सहा-सात वर्षं गेली, आणि ती चांगली गेली हे मी ठामपणे सांगतो. रक्त पातळ राहायची गोळी तिनं एक दिवस चुकवली नाही. घरात सामसूम असली की तिच्या छातीतली झडप घड्याळासारखी वाजायची. माझा धाकटा तिच्याजवळ निजायचा आणि म्हणायचा, काकूला चावी कोण देतो? डॉक्टर दर तपासणीला फोटो, नळी सगळं करायचे, पण एकदा वर्षातून स्वतः वाडीत यायचे आणि तिच्या मागनं पाखाडी चढायचे. "माझीही तपासणी होते," म्हणायचे. त्यांच्याकडून वहिनीनं एक गोष्ट उचलली आणि बायकांना शिकवली. वाटेत थांबलेल्या बाईला कशी आहेस म्हणून विचारू नका, ती बरी आहे असंच म्हणणार. तिला बोलायला लावा. एका दमात चार वाक्यं बोलली तर जाऊ द्या. दोन शब्दांनंतर थांबली तर धरून डॉक्टरांकडे न्या. वरच्या घरची एक नवी सून अशीच अनशीकाकीनं पकडली. तिचीही तीच झडप, तोच लहानपणचा ताप. पण हृदय अजून फुगलेलं नव्हतं. ती आज औषधावर आहे, दर सहा महिन्यांनी दाखवायला जाते, आणि तिला नेणारा तिचा नवरा डॉक्टरांपुढे तोंड उघडत नाही. वहिनीनंच त्याला तशी तंबी दिली होती.

वहिनी गेली ती दुपारी, जेवून ओटीवर आडवी झाली तशीच. मी राजापुराहून पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि डॉक्टर आधीच येऊन बसले होते; दादाला मुंबईला तार गेली होती. ठोक्यांची लय एकाएकी बिघडली असावी, म्हणाले. मोठ्या झालेल्या हृदयात असं होतं. दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि सरळ विचारलं. ती दोन वर्षं वाया गेली नसती तर ती आज असती का? त्यांनी माझी समजूत घातली नाही, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. म्हणाले, "असती कदाचित. कदाचित नसतीही. सगळ्या रोग्यांबद्दल मिळून काही सांगता येतं, एका माणसाबद्दल नाही. पण ऑपरेशन झालंच नसतं तर तिनं ही वर्षं अशी चढून काढली नसती, एवढं नक्की."

परवा सकाळी मी कावड घेऊन चढत होतो. डबे काठोकाठ भरले होते, अनशीकाकीच्या गडग्यापाशी मी ते टेकवले. काकी आता थकली आहे, पण दारात बसून चिंच फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "सदू, थांबलास काय?"

"कावड जड झाली, काकी."

"बोल कायतरी."

जे आत होतं तेच बाहेर आलं. म्हटलं, काकी, डॉक्टरांनी वहिनीला विचारलं होतं दम लागतो का, आणि तिच्या आधी मी बोललो, म्हटलं ती गप्पा मारायला थांबते, आणि दोन वर्षं तिला पुन्हा नेली नाही, आणि ती माझी उशी घेऊन निजत होती तर मी उशी हरवली म्हणून ओरडलो, आणि हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली भजन नको, पण मला ते थांबवता येत नाही... मी बोलतच गेलो. काकी चिंचोके बाजूला काढत ऐकत होती. ऐकत होती म्हणण्यापेक्षा, कान देऊन होती. मी संपवलं तेव्हा तिनं हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"एका दमात बोललास सगळं," ती म्हणाली. "छाती बरी हाय तुजी. जा, पाणी ने वर."

मी वाकून कावड खांद्यावर घेतली आणि चढायला लागलो.